चहाच्या आधी तेल

४ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, दुकान जागेवर आहे, गुडघे कुरकुरतात पण चालतात. तुमच्याकडेही सगळं ठीक असेल.

पाकीट बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. हल्ली पत्र आलं की माणसं आधी हेच विचारतात. फोन करायचा सोडून हिला ही काय अवदसा आठवली, असं तू म्हणत असशील. फोनचं जरा राहू दे. पत्रात तुला मध्येच माझं बोलणं तोडता येत नाही, हा काय लहान फायदा आहे?

दुकानाची खबर सांगते. गेलं वर्षभर माझं कामात चित्त नव्हतं. बाबांनी हे शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान काढलं तेव्हा त्यांना वाटलंही नसेल की पुढे त्यांची लेक दहा वाजेपर्यंत गादीत लोळेल. आलेली मशिनं भिंतीशी रांगेत, दवाखान्यातल्या पेशंटसारख्या, आणि डॉक्टरीणबाई वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून. शटर मी अर्धंच वर करायची. म्हणजे दुकान उघडं आहे असंही कुणी म्हणू नये आणि बंद आहे असंही.

पण आता मी एक सवय लावून घेतली आहे. एकच. पहाटे उठून पळायला जाते असं वाटलं असेल तर हसून घे, ते आपल्या बापजन्मात जमायचं नाही. माझी सवय म्हणजे, सकाळी चहाच्या आधी एका मशीनला तेल घालायचं. दोन नाही, एकाच. तेल घालायचं, चाक हाताने फिरवायचं, थोडं ऐकायचं, मग चहा. दुरुस्ती करायची नाही. दुरुस्ती म्हटलं की मी घाबरून परत गादीत शिरायची. तेलाला कोण घाबरतं?

पहिल्या दिवशी तेल घातलं, चहा प्यायले आणि परत झोपले. खरंच. दुसऱ्या दिवशी तेल घालताना आत अडकलेला दोरा दिसला, तो उपसला. मग कधी सुई बदलली, कधी एखादा स्क्रू आवळला. आवळलाच आहे तर टाका कसा पडतो ते बघू म्हणून चिंधी घेतली. आणि परवा काय झालं, दुपार झाली तरी माझा चहा व्हायचाच होता! बोट दिलं की हात धरतात म्हणतात ना, कामाने माझं तसं केलं. भिंतीजवळची रांग आता निम्म्यावर आली आहे. मी जेवते वेळेवर. केससुद्धा विंचरते. तू बघशील तर ओळखणार नाहीस.

तेलासोबत आणखी एक गोष्ट असते रोज, पण ती काही विशेष नाही.

भाऊजींचा हात कसा आहे? त्या दिवशीच्या फोनबद्दल लिहायचं होतं, पण कागद संपत आला.

भाऊजींना नमस्कार सांग. लेकीला आशीर्वाद.

तुझी,
धाकटी


२१ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. रागावलीस की तुझं अक्षर मोठं होतं, ते अजून तसंच आहे. “प्लास्टर निघालं. तुझ्या सल्ल्याप्रमाणे ह्यांना रोज जिन्यात पडायला सांगितलं आहे.” बस, एवढंच. खाली सहीसुद्धा नाही!

वाचून मला आधी हसू आलं, मग रडू, मग परत हसू. कागद संपल्याची थाप तुला कळली असणारच, पाठीमागची बाजू कोरी होती. आज नवा कागद घेतला आहे.

त्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, “हे जिन्यात पडले.” मला ऐकू आलं, “हे जिना चढले.” भाऊजींच्या गुडघ्यांनी कित्येक महिने वरचा मजला बघितला नव्हता. मला इतका आनंद झाला! म्हणून मी ओरडले, “अरे वा! फार छान झालं! आता रोज असंच करायला सांग त्यांना!” तू फोनच ठेवलास. मला वाटलं, आनंदाच्या भरात भाऊजींकडे धावलीस.

ताई, मला नीट ऐकू येत नाही. आवाज येतो, पण शेंगेचं टरफल यावं आणि दाणा आतच राहावा तसं होतं. दाणा मी मनाने भरते. कधी बरोबर निघतो, कधी भाऊजी जिना चढतात.

तुझ्या लेकीने प्लास्टरचा फोटो पाठवला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिथल्या तिथे तुला सांगायला हवं होतं. फोन हातात घेतलाही होता. पण मग ‘बहिरी’ हा शब्द मला माझ्या तोंडाने म्हणावा लागला असता. त्यापेक्षा तू मला काळीज नसलेली समजलीस तर चालेल, असं वाटलं. काय अक्कल बघ माझी.

आपली बहिरी आत्या आठवते? तिला कुणी छळलं नाही कधी. फक्त तिला काही सांगेनासे झाले सगळे. लग्नं ठरायची, घरं बदलायची, हिला आपलं सगळ्यात शेवटी कळायचं, आणि तोवर ती नुसती हसत बसायची. मी रोज आरशात तिचं ते हसू बघत होते.

आणि माझा तर धंदाच कानाचा. मशीन कुठे दुखतंय हे चाक फिरवलं की ऐकू येतं, निदान यायचं. एकदा एक शिंपीणबाई आली. म्हणाली, “पट्टा बदलायचाय.” मला ऐकू आलं, “पत्ता बदललाय?” मी छाती फुगवून सांगितलं, “छे हो! वडिलांपासून इथेच आहोत, नाक्यावरून डावीकडे तिसरं दुकान!” ती माझ्याच दुकानात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. आज लिहिताना मला हसू आवरत नाहीये, पण त्या दिवशी ती गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं ते ओढलंच.

कानाचं यंत्र मी घेतलं होतं. खणात होतं. लावलं की सगळं जग पत्र्याचं व्हायचं. कागद कडाडायचा, नळ धबधब्यासारखा कोसळायचा, स्वतःचं चावणं ऐकून जेवण नकोसं व्हायचं. परत करायला गेले, तर तिथली बाई, आपल्या लेकीच्या वयाची, म्हणाली, “मावशी, दिवसभर नकाच लावू. रोजचं एक काम ठरवा. तेवढं होईस्तोवर लावा, झालं की काढा. सवय कानाला नाही, डोक्याला लागायची असते.”

मी म्हटलं, “मला काही कामच उरलेलं नाही, बाई.”

“मग एखादं शोधा. बारीकसं. चहाच्या आधी होईल असं.”

तर ती ‘काही विशेष नाही’ गोष्ट म्हणजे ही. यंत्र लावते, तेल घालते, चाक फिरवते, ऐकते, यंत्र काढते. आता काढायचं विसरते.

आणि काय काय ऐकू आलं म्हणून सांगू! माझा फ्रिज कण्हतो. मी जिना उतरताना स्वतःशी बोलते, तेही बरंच वाईटसाईट. आणि माझं शटर! अगं, रोज सकाळी अख्ख्या गल्लीला शिव्या घालत उघडत होतं. मी शेजारच्या चष्मेवाल्यांना विचारलं, “अहो, एवढा कर्कश आवाज, कधी बोलला नाहीत ते?”

ते म्हणाले, “बोललो होतो की. तुम्ही ‘हो, छान हवा आहे’ म्हणालात.”

मी शटरला तेल घातलं. आता त्यांना उठायला उशीर होतो, माझ्या शटरवरच उठायचे म्हणे.

मागच्या आठवड्यात तीच शिंपीणबाई परत आली. मी दाराआडून निसटणार होते, पण केस विंचरलेले होते, म्हटलं आता कशाला पळा. तिला म्हटलं, “मला कमी ऐकू येतं. माझ्याकडे बघून बोला.” पहिल्यांदा म्हटलं हं हे मी, कुणालाही.

ती म्हणाली, “अहो मग आधी सांगायचं नाही का! मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं बोलले.” आणि तिने मशीन टेबलावर ठेवलं. नवा पट्टा दुसरीकडून घालून घेतला होता, तरी टाका सुटत होता. मी चाक फिरवलं. एकदा, दोनदा. आणि ताई, आला! बारीक टक् आला, खालून, उजवीकडून. खालचा दोरा धरणाऱ्या शटलची कड घासत होती. अर्ध्या तासात मशीन पाण्यासारखं चालायला लागलं. ती गेल्यावर मी खुर्चीत बसून पोटभर रडले, आणि तो रडण्याचा आवाजसुद्धा नीट ऐकू आला. काय भयंकर रडते गं मी!

पण तिचं ते बोलणं मला झोपू देईना. ‘मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं बोलले.’ तुलाही तसंच वाटलं असेल. नवरा जिन्यात पडलेला, आणि सख्खी बहीण टाळ्या पिटतेय. त्यानंतर एवढे दिवस तू एकटीने त्यांचा हात सांभाळलास, घर सांभाळलंस, आणि मी इथे माझी अब्रू सांभाळत बसले.

फोनवर मला अजून जमत नाही. यंत्रवाली बाई म्हणते, तेही जमेल, हळूहळू. पण तेवढा धीर मला नाही. म्हणून शनिवारी सकाळच्या बसने निघते आहे. जेवायला पोचेन. भाऊजींची माफी मी त्यांच्यासमोर मागेन, तू आधीच सांगून त्यातली मजा घालवू नकोस.

आणि तू रागावणार असलीस तर रागाव. सगळं साठलेलं बोल. फक्त समोर बस, तोंडावरचा पदर बाजूला घे, आणि एका वेळी एकच वाक्य बोल. त्यातलं काही मला सुटायला नको आहे.

तुझी,
धाकटी