उजव्या खिशातलं पातं

४ ऑक्टोबर, शनिवार

चाकू नाही. दसऱ्यापासून नाही.

खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत मीच ठेवला होता. पाटावर विळा, छाटणीची कात्री, मुलाचं, अविचं, कारखान्यातलं मापाचं व्हर्नियर, माझं पेन आणि कडेला तो, मिटलेला. वर झेंडू, हळदकुंकू. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून लावला नाही. दुसऱ्या दिवशी सोनं वाटण्याच्या गडबडीत राहून गेला. काल पाट उचलला. सगळं आहे, तो नाही.

सौ.ला म्हटलं, "फुलांबरोबर निर्माल्यात गेला. तू बघितलं नसशील."

"निर्माल्यात लोखंड मी कशाला घालीन? माझ्या हातून नाही गेला."

"मग पाय फुटले त्याला?"

तेव्हापासून बोलणं बंद. चहा येतो, पण कप जरा जोरात ठेवला जातो. निर्माल्याची पिशवी अविनं गाडीवरून नेऊन घाटावरच्या कलशात टाकली. म्हणजे गेलाच.

उजवा हात सारखा खिशाकडे जातो आणि रिकामा परत येतो. पेरू, सुतळी, शिसपेन्सिल, गोळ्यांच्या पाकिटाचा कोपरा. दिवसभरात किती वेळा लागतो ते नसल्यावर कळतं.

५ ऑक्टो., रवि.

कुंपणाच्या भिंतीवर लाल रेघ मारून गेलेत. सिंहस्थासाठी रस्ता रुंद होतोय. दिवाळी झाली की भिंत आणि आतला पट्टा जाणार. त्याच पट्ट्यात तिचा गुलाब.

लग्नानंतर पहिल्यांदा विंचूरला माहेरी गेली, तिथून फांदी आणली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून. देशी, गुलाबी, वास असा की फाटकाची कडी काढतानाच कळावं. आता बुंधा मनगटाएवढा झालाय. उपटून दुसरीकडे लावला तर जगणार नाही. डोळे भरायला हवेत. म्हणजे त्याच्या फांदीवरचा डोळा सालीसकट काढून जंगली खुंटाच्या सालीखाली बसवायचा. जन्मभर तेच केलं. मळा होता तेव्हा ओळीच्या ओळी भरत जायचो. मळ्यावर आता इमारती आहेत. खुंट मात्र उन्हाळ्यातच पिशव्यांत लावून ठेवलेत. कामाला चाकूच नाही.

अवि म्हणाला, "बाबा, नर्सरीतला माणूस बोलावू. अर्ध्या तासात करून जाईल."

"का? माझ्या हाताला काय झालं?"

 त्यानं माझ्या अंगठ्याकडे बघितलं. श्रावणात पेरू कापताना कापला होता. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यामुळे रक्त थांबेचना. टाके पडले. तेव्हाच म्हणाला होता, पुरे आता चाकू.

पुरे म्हणजे काय? चाकू पुरे, मग पेन्सिल पुरे, मग फाटकाबाहेर एकट्यानं जाणं पुरे.

७ ऑक्टो.

स. भद्रकालीत गेलो. चाकूचं जुनं दुकान अजून आहे. काचेखाली मांडलेले. मूल होऊन बघत राहिलो.

१. एका पात्याचा, शिंगाच्या मुठीचा, सरळ. अगदी माझ्यासारखा. (म्हणजे माझ्या चाकूसारखा.)

२. आकडीचा, टोक आत वळलेलं. फांदी ओढून कापायला छान, डोळा काढायला नाही.

३. खटक्याचा. बटण दाबलं की पातं बाहेर. हा खिशात घेऊन हिंडलो तर पहिला पोलीस मलाच उभा करील. शोभतही नाही.

४. कुलूप लागणारा. उघडला की घट्ट, आपणहून मिटत नाही. अविला चालेल असा.

एकेक हातात घेतला. पात्यावर नखाची खाच असते, तिच्यात नख अडकवून ओढायचं. पहिला उघडेना. चौथा उघडेना. परत केला प्रयत्न, नख वाकलं. दुकानदार मान वळवून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. गिऱ्हाईक नव्हतंच तिथे. त्याचा मुलगा उभा होता.

"सैल नाही का एखादा?"

"काका, सैल असला तर बोटावर मिटतो. नवीन हाय, स्प्रिंग कडकच असणार."

रिकाम्या हातानं आलो. रिक्षात शाळेतल्या कविता म्हणत बसलो, मनातल्या मनात, गुरुजींच्या चालीवर. आमच्या पुस्तकात नांगर होता, विळा होता, एका कवितेत तलवारही होती. खिशातला चाकू कुणी लिहिला नाही.

८ ऑक्टो.

पिंपळगावला दगूकडे. शाळेपासूनचा मित्र, आता द्राक्षवाला. बागेत छाटणी चालू होती. सगळं सांगितलं. हसत सुटला.

"नाना, तू चाकूला पोरगी बघतो तशी बघतोय. ही उंच, ती सावळी."

"तुझा दाखव."

त्याचा चाकू जुना, लाकडी मुठीचा, स्प्रिंग कधीच मेलेली. बोटानं ढकलला की उघडतो. उघडला. किती दिवसांनी असं पातं बाहेर आलं माझ्या हातानं. मनात म्हटलं, झालं.

"घेऊन जा. माझ्याकडं लय पडल्यात." माझ्या हातात दिला नाही, बांधावर ठेवला, मी उचलला. हातोहात दिला तर भांडण होतं, हे त्याची आई सांगायची. आमच्याकडेही तसंच.

मग म्हणाला, "पर जपून रं. टोक अडलं की माघारी मिटतो. माझी कातडी जाड हाय, माझं काय नाय. तुझं रक्त थांबत नाय म्हणतो."

९ ऑक्टो.

त्यानं बांधावर ठेवून दिला तरी भांडण झालंच. धुवायच्या सदऱ्यात सौ.ला चाकू सापडला.

"हा कुणाचा?"

"दगूचा."

तिनं उघडला, मिटला, परत उघडला. टोक ओट्याच्या कडेला टेकवून जरा दाबलं. पातं फटकन मिटलं. तिचं बोट नव्हतं मधे, पण मी डोळे मिटले होते.

"श्रावणात या फरशीवरचं रक्त मी पुसलंय. तुम्ही वर बघत होतात, तुम्हाला दिसलं नाही किती होतं ते."

"गुलाबाचं काय मग?"

"जाऊ दे गुलाब."

"तुझ्या माहेरचा आहे."

"माहेरचं माणूस राहिलं नाही कुणी. झुडुपाचं काय घेऊन बसलात?"

आत गेली. नंतर खिडकीतून बघितलं, त्याच झुडुपाला पाणी घालत होती.

दगूचा चाकू कपाटावर ठेवला. सहज उघडेल तो बोटावर मिटणार, मिटणार नाही तो मला उघडणार नाही. माझ्या अंगठ्यासाठी मधला कुठलाच नाही की काय?

१२ ऑक्टो., रवि.

दाढीला गेलो. खुर्चीत मान मागे टाकून पडलो आणि न्हाव्याच्या हाताकडे बघत राहिलो. वस्तऱ्याला नखाची खाच नसते. मागे छोटी शेपटी असते. ती बोटानं दाबली की पातं वर येतं आणि दाढी करताना शेपटीवर बोट असतं, म्हणून मिटत नाही. हल्ली आत ब्लेड घालतात, पण घडण तीच.

"काका, हलू नका."

"शेपटी दाखव जरा."

"आधी मान ठेवा सरळ, मग काय पाहिजे ते बघा."

चाकूला अशी शेपटी असेल तर? मूठ आवळली की शेपटी तळहाताखाली दबते. जोवर धरलाय तोवर मिटायचं नाव नाही. उघडायला नख नको, बटण नको, स्प्रिंग नको. साठ वर्षं या खुर्चीत बसतोय आणि आज दिसलं.

घरी येऊन कागदावर काढला. मूठ, पातं, शेपटी. खाली एक ओळ आपोआप आली: मिटलेला तू, उघडलेला तू... पुढे काही सुचेना.

१४ ऑक्टो.

भद्रकालीतला दुकानदार: असा येत नाही. दोन लोहार: दिवाळीच्या कामात आहोत, नंतर या. नंतर भिंत नसेल.

सं. अवि सिन्नरच्या कारखान्यातून आला. कागद टेबलावरच होता. बराच वेळ बघितला.

"हे काय काढलंय?"

सांगितलं. शेपटी का, तेही सांगितलं.  मग मी विचारलं, किती दिवस विचारायचं होतं ते.

"अवि, माझा चाकू कलशात टाकलास का तू?"

"पिशवी टाकली."

"चाकू विचारतोय."

बूट काढत होता. एकाच बुटाची नाडी सोडत बसला. सौ. दारात उभी होती, ती आत वळली. जेवायला बसलो तेव्हा कागद टेबलावर नव्हता.

फाडला असेल. विचारायचं नाही ठरवलंय. विचारलं आणि त्यानं हो म्हटलं, तर मग या घरात मी कोण?

१७ ऑक्टो., वसुबारस

कसं लिहू.

सं. अवि आला. डबा ओट्यावर ठेवला, हात धुतले, मग खिशातून काहीतरी काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. हातात दिलं नाही.

"कारखान्यातल्या टूलरूममध्ये करून घेतला. शेपटी वेल्डिंगनं जोडलीय. बघा उघडतोय का."

मूठ नवी, शिसवाची. शेपटीवर बोट ठेवलं. पातं आलं. किती सहज आलं. मूठ आवळली, टोक टेबलावर दाबलं, मिटला नाही. मग पात्याकडे नीट बघितलं.

मधे पोट आत गेलेलं. दगडावर वर्षानुवर्षं एकाच बाजूनं घासून जातं तसं. टोकाजवळ छोटा टवका, मळ्यातल्या तारेवर उडाला होता तो.

पातं माझंच.

मी वर बघितलं. तो सौ.कडे बघत होता आणि ती देवाच्या दिव्यात तेल घालत होती, आधीच भरलेल्या.

"एक कबूल करा, बाबा," तो म्हणाला. "एकदा जरी रक्त आलं, तर तुम्हीच माझ्या हातात द्यायचा. टेबलावर ठेवायचा नाही, हातात."

"भांडण होईल."

"होऊ दे."

कबूल केलं. निर्माल्याचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही. सौ.ची मात्र माफी मागायला हवी. तिच्या हातून गेला नव्हता हे खरंच होतं.

१९ ऑक्टो., रवि.

स. ऊन चढायच्या आधी डोळे भरले.

हात थरथरतो, हे कागदावर एकदा लिहून टाकतो. खुंटाच्या सालीवर आडवी चीर दिली, उभी दिली, ठीक. फांदीवरून डोळा काढला, ठीक. साल उचलून डोळा आत सरकवायचा तिथे बोट हलायला लागलं. पहिला फुकट गेला. दुसराही. अवि मागे उभा होता. त्याचा श्वास ऐकू येत होता.

सौ. पदर खोचून खाली बसली. "तुम्ही चीर द्या, मी बसवते."

"तुला जमेल?"

"मळ्यात चहा घेऊन येत होते ना रोज. बघत नव्हते का?"

मग जमलं. मी चिरत गेलो, ती नखानं साल उचलून डोळा बसवत गेली, अवि पट्टी गुंडाळत गेला.  मी गुरुजींची ती जुनी चाल गुणगुणत होतो, शब्द नव्हते.

शेवटच्या खुंटाला पातं गाठीवर अडलं आणि सुटलं. डाव्या तर्जनीला लागलं. चाकू मिटला नव्हता, त्याची काही चूक नाही. लगेच रुमालात बोट दाबून हात खिशात घातला.

"झालं?" अविनं विचारलं.

"झालं."

बराच वेळ हात खिशात होता. थांबलं. उशिरा, पण थांबलं.

२० ऑक्टो.

उजव्या खिशात चाकू आहे. डाव्या हाताला पट्टी नाही. अवि बाहेर जाताना म्हणाला, "आहे ना बरोबर?" मी खिशावर थाप मारली.

सांगायला हवं. कबूल केलंय. पण सांगितलं की गेला, यावेळी खरोखर. आज सांगत नाही.

सं. कपाटात धुतलेला रुमाल दिसला, घडी घालून ठेवलेला. डाग पुरता गेलेला नाही. घडी अशी घातलीय की डाग आत राहील.  सौ.नं रात्रीच्या भाजीच्या शेवग्याच्या शेंगा मला सोलायला दिल्या. सुरी दिली नाही. म्हणाली, "तुमचा आहे की."

२ नोव्हेंबर, रवि.

दिवाळी झाली. लाल रेघेच्या पलीकडे यंत्र येऊन उभं आहे. उद्या भिंत.

डोळ्याजवळ पानाचा देठ ठेवलेला असतो. बोट लावल्यावर तो टपकन गळला तर डोळा धरला. वाळून चिकटून राहिला तर गेला. दिवस भरलेत. आज बघायला हवं.

तिघंही पिशव्यांपाशी उभे राहिलो. अविनं माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. तर्जनीवरची रेघ आता पांढरी आहे, ऊन पडलं की दिसते. ती त्याला दिसली की नाही, कळलं नाही. मी हात मागे नेला नाही.

"लावा हात," सौ. म्हणाली.

"तू लाव."

"तुमचं काम आहे."

उजव्या हातानं खिशातला चाकू चाचपला आणि डावा हात पुढे केला.