डॉक्टरांचे चार दात

५ फेब्रु. ७३, सोम. मुलुंड
आज विचारलंच. दातांच्या मेकॅनिकचा सर्टिफिकेट कोर्स, एक वर्ष, रोज दुपारी. अर्धी फी दवाखान्याने भरावी आणि अर्जावर डॉ.नी सही करावी, बस्स. २८ शेवटची तारीख. मालकाच्या सहीशिवाय अर्ज घेत नाहीत.
डॉ. हात धूत म्हणाले, "कागद कशाला हवाय, सुमन? हात आहेत ना तुझे." नऊ वर्षं मागच्या खोलीत कवळ्या घडवतेय. अर्धं मुलुंड माझ्या दातांनी जेवतं. पेशंटना डॉ. सांगतात, "मी स्वतः बनवली."

८ फेब्रु.
पुन्हा विचारलं. "शिकलीस की समोरच दुकान थाटशील." थाटणारच! त्यासाठीच तर... हे सगळं मनात. चडफडत घरी आले. आई म्हणाली, "घाल गो तेचे दात तेच्याच घशात."

१५ फेब्रु.
देव आहे. डॉ.चे वरचे पुढचे चार दात पायरियाने गेले. दातांच्या डॉक्टरचे! घाटकोपरच्या मित्राकडून काढून आले, तोंडावर रुमाल. २५ ला मुलीचं लग्न. दार लावून म्हणाले, "कुणाला कळता कामा नये. तुझ्यासारखा हात नाही कुणाचा."
माप मीच घेतलं. लगदा भरलेला ट्रे तोंडात दाबून धरला. तो घट्ट होईपर्यंत माणसाला बोलता येत नाही. तेवढ्यात सगळं बोलून घेतलं. नऊ वर्षं, फी, सगळं. सही कराल? त्यांनी होकाराची मान डोलावली. ट्रे काढल्यावर म्हणाले, "बघू."
ट्रे जरा जास्तच वेळ धरला होता. बरं वाटलं.

२१ फेब्रु.
सही नाही. अर्ज टेबलावर, वर चहाचा कप. एक दात केसभर लांब ठेवायचा, दर घासाला टोचेल, कुणाला कळणार नाही. ठरवलं होतं. ऐन वेळी कानस घेतली आणि घासून नीट केला. माझ्याच हातांचा राग आला. आजवरचं सगळ्यात सुबक काम झालंय, मेल्याचं.

२४, शनि.
पॉलिश राहिलंय सांगून दात पर्समधून घरी आणले. आणि बिनसहीचा अर्ज कपाखालून काढून त्यांच्या हातात दिला.

२५, रवि. सकाळ
साडेआठला कंपाउंडर नाईक दारात. "बाई, दात द्या. डॉक्टर हॉलवर तोंड झाकून बसलेत."
"सही केलेला अर्ज आणा, दात न्या."
"नोकरी जाईल हां."
"जाऊ दे." म्हटलं खरं.
आईच आता घाबरली. "दिवन ये गो बाये, पोरीचा लगीन आसा." पोरीचं काय चुकलं, तेही खरं. पण नाही जाणार.
मुहूर्त अकरा चाळीसचा. नाईकचा पत्ता नाही. दात ओल्या कापसात गुंडाळून मांडीवर घेऊन बसलेय. अकरा वाजले.