न झालेली कावीळ रद्द करून मिळणेबाबत

प्रति,
मा. विभागीय शिक्षण अधिकारी,
परीक्षा शाखा, दुसरा मजला,
जिन्यालगतची खोली.

विषय: मला कधीही न झालेली कावीळ शाळेच्या दप्तरातून काढून टाकणे व भाषेची तोंडी परीक्षा आधी घेण्यास परवानगी देणे, याबाबत.

संदर्भ: १) फेरपरीक्षेबाबत आपल्या कार्यालयाचे परिपत्रक. २) माझे याआधीचे दोन अर्ज, ज्यांना उत्तर आलेले नाही.

महोदय,

१. मी सतरा वर्षांची असून शाळेच्या शेवटच्या इयत्तेत शिकते व बायथलॉन हा खेळ खेळते. मागच्या खेपेस आपल्या कार्यालयातील बाईंनी मला सायकल कुठे लावलीस असे विचारले होते, म्हणून खुलासा करते की या खेळात सायकल नसते. पायात स्की आणि पाठीवर रायफल घेऊन बर्फावरून धावायचे, मध्येच थांबून पाच काळ्या ठिपक्यांवर नेम धरायचा, की पुन्हा धावायचे. नेम धरताना छाती भात्यासारखी हलत असते आणि तिला गप्प करावे लागते. जितके नेम चुकतील तितक्या जादा फेऱ्या बाजूच्या छोट्या गोल वाटेवर माराव्या लागतात. यंदा परदेशी होणाऱ्या युवा स्पर्धेसाठी माझी निवड झाली आहे. आमचा संघ येत्या सोमवारी निघतो.

२. आमच्या गावात बर्फ पडत नाही. वडील बस डेपोत वायरमन आहेत. त्यांनी साहेबांच्या हातापाया पडून डेपोमागचा रस्ता मला पहाटेपुरता मिळवून दिला आहे, तिथे मी चाकांच्या स्कीवर सराव करते. रस्त्यावर तेल सांडलेले असते, त्यामुळे कोपरे कायम सोललेले असतात. त्यानंतर शाळा. संध्याकाळी आई कामावरून आली की स्टीलचे कपाट उघडते, कारण रायफलची किल्ली नियमाप्रमाणे तिच्याकडेच असते. मग मी बोळात पालथी पडून, गोळी न भरता, फ्रिजवर चिकटवलेल्या ठिपक्यांवर नेम धरते. कोणाला दूध हवे असेल तर तो मला ओलांडून जातो. हे सारे करून मी शाळेचे लेखी पेपर दिले, प्रयोगवही पूर्ण केली, पाणी गाळण्याचा प्रकल्पही सादर केला. म्हणजे मी शाळेला दांडी मारलेली नाही.

३. राहिली आहे ती फक्त भाषेची तोंडी परीक्षा. दहा मिनिटे बोलायचे असते. ती नेमकी माझ्या शर्यतीच्या दिवशी येते. मला चिठ्ठीने मिळालेला विषय 'माझा आवडता खेळ' हा आहे. माझा आवडता खेळ मी खेळायचा नाही, तर इथे बसून त्याच्याविषयी बोलायचे, असा याचा अर्थ होतो. भाषेच्या बाई मधल्या सुट्टीत कधीही माझी परीक्षा घ्यायला तयार आहेत. तसे त्यांनी लेखी दिले आहे. परंतु परिपत्रकात आधी परीक्षा घेण्याची सोय नाही. नंतर घेण्याची आहे, ती विद्यार्थी आजारी असल्यास किंवा घरात मृत्यू झाल्यास. विद्यार्थी धडधाकट असून देशाकडून खेळायला गेला, हे परिपत्रक लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलेच नसावे.

४. याबाबत विचारायला मी आपल्या कार्यालयात आले असता खिडकीवरील लिपिकांनी मला आजी-आजोबा आहेत का असे विचारले. मला वाटले, आपुलकीने विचारत आहेत. आजोबा आहेत म्हटल्यावर त्यांची तब्येत कशी असते असेही त्यांनी विचारले. ठणठणीत आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरी येऊन सांगितले तर आजोबा पोट धरून हसले आणि म्हणाले, "घाला माझं नाव. मी काय तक्रार करायला येणार आहे?" आजोबा हसले ते ठीक. मला हसू आले नाही. खेटून उभ्या असलेल्या रांगेत, चारचौघांसमोर, एका सरकारी माणसाने माझ्या आजोबांचा मृत्यू सोयीचा पडेल का याची चौकशी केली आणि मागच्या एकाही माणसाला त्यात काही वावगे वाटले नाही.

५. यानंतर आमच्या शाळेच्या उपमुख्याध्यापकांनी माझ्या भल्यासाठी म्हणून, मला न विचारता, त्यांच्या डॉक्टर मेव्हण्याकडून मला कावीळ झाल्याचा दाखला आणून फाईलला लावला. मला ते नंतर कळले. मी विरोध केला तेव्हा ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, "अगं, कावीळच लिहिलीय, काही भलतंसलतं नाही लिहिलं." मुख्याध्यापकांनी त्यांच्या हुशारीचे कौतुक केले. शिक्षकांच्या खोलीत, काम झाले म्हणून, माझ्याच नावाने चहा झाला. त्याच वेळी शाळेच्या फाटकावर माझा रायफल घेतलेला फोटो आठ फुटी फलकावर लागला होता व त्याखाली 'निरोगी पिढी, आमची पिढी' असे लिहिले होते. तो अजून तिथेच आहे.

६. दाखला एकदा फाईलला लागल्यावर सगळे नियमाप्रमाणे सुरू झाले. माझा बाक फिनेलने पुसण्यात आला. माझ्या शेजारच्या मुलीला तिच्या आईने पुढे बसवून घेतले. शाळेने आरोग्य खात्याला कळवले, खात्याचा माणूस आमच्या इमारतीत आला आणि त्याने गच्चीवरची पाण्याची टाकी दूषित असल्याच्या संशयावरून रिकामी करायला लावली. संबंध इमारत त्या दिवशी बादल्या घेऊन खाली-वर करत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्यांनी मला लहानपणी खेळवले आहे, त्या जिन्यात मला पाहून भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. मला काहीही झालेले नाही, असे मी त्यांना सांगितले, तर त्या म्हणाल्या की पहिल्यांदा सगळे असेच म्हणतात.

७. नियमाप्रमाणेच दाखल्याची एक प्रत आमच्या क्रीडा संघटनेकडे गेली. संघटनेने माझे नाव यादीतून तात्पुरते बाजूला काढले आहे. कावीळ बरी झाल्याचा दाखला शनिवारपर्यंत आणून दिला तर ते नाव परत घालतील. मी सरकारी दवाखान्यात रक्त दिले. त्यात काहीच निघाले नाही. तेथील डॉक्टरीणबाईंनी तो कागद माझ्यासमोर धरून विचारले, "जे झालंच नाही, ते बरं झालं असं मी कसं लिहू?" त्यांचे म्हणणे मला शंभर टक्के पटले. या सगळ्या प्रकरणात मला भेटलेल्या मोठ्या माणसांपैकी खोटे लिहायला नकार देणाऱ्या त्या पहिल्याच, आणि माझी अडचण त्यांच्यापाशीच येऊन अडली.

८. डॉक्टर मेव्हणे मात्र मला तासाभरात बरी करायला तयार आहेत. पण उपमुख्याध्यापकांनी सावध केले आहे की मी परीक्षेच्या आधी बरी झाले तर परीक्षेला बसावेच लागेल आणि फेरपरीक्षा मिळणार नाही. म्हणजे एकाच दिवशी मी शाळेच्या कागदावर अंथरुणाला खिळलेली आणि विमानतळावर ठणठणीत असायला हवी. यावरही त्यांच्याकडे तोडगा आहे. दोन दाखले घ्यायचे, एक इकडे द्यायचा, एक तिकडे, आणि तोंड बंद ठेवायचे. सगळे असेच करतात, असे ते म्हणाले, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला शिसारी आली. घरी जाऊन मी आधी अंघोळ केली.

९. महोदय, आमचे प्रशिक्षक, ज्यांना आम्ही मुले दादा म्हणतो, फार बोलत नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली होती, "नेम चुकला तर फेरी तुझी तू मारायची. कोणी बघतंय का, ते बघायचं नाही." गेल्या हिवाळ्यात डोंगरावरच्या शर्यतीत दाट धुके होते. फेऱ्या मोजणारा माणूस शेकोटीजवळ जाऊन बसला होता. माझे दोन नेम चुकले आणि मी दोन फेऱ्या मारल्या. तेवढ्यात दोघीजणी पुढे निघून गेल्या व माझे पदक हुकले. त्याचे मला वाईट वाटले, पण स्वतःची लाज वाटली नाही. आज माझा एकही नेम चुकलेला नाही आणि तरी मला लाज वाटते आहे. ज्यांनी मला खरे बोल म्हणून छड्या मारल्या, तेच आता खोटे नीट बोल म्हणून शिकवत आहेत, आणि यात कोणालाच किळस येत नाही, याची मला सर्वांत जास्त किळस येते.

१०. तरी माझ्या मागण्या दोनच आहेत. पहिली, माझी कावीळ रद्द करावी व मला ती कधीही झाली नव्हती असे आपल्या सहीने शाळेस व संघटनेस कळवावे. दुसरी, भाषेच्या बाईंना माझी तोंडी परीक्षा या शुक्रवारी मधल्या सुट्टीत घेऊ द्यावी. बाईंना आपला फक्त एक होकार हवा आहे. दुसरी मागणी नियमात बसत नसेल तर राहू द्या. पण पहिली अडवू नये. मग मी सोमवारी संघाला निरोप द्यायला जाईन आणि परीक्षेच्या दिवशी वेळेवर वर्गात हजर राहीन. तिकडे माझ्या नावाचा पुकारा होईल तेव्हा मी इकडे फिनेलच्या वासाच्या बाकाजवळ उभी राहून माझ्या आवडत्या खेळाविषयी दहा मिनिटे बोलेन. तो कसा खेळतात हे मी सांगेन. मी का गेले नाही, हे कोणी विचारले तर तेही सांगेन. दादांना मी हे कळवले आहे. ते म्हणाले, स्कीला शर्यतीचे मेण लावून ठेवतो, तू ये किंवा नको येऊस.

हा अर्ज लिहिताना माझी भाषा कुठे घसरली असल्यास तेवढ्याबद्दल क्षमा असावी. 'पाहू' एवढेच उत्तर मात्र पाठवू नये.

आपली नम्र व निरोगी विद्यार्थिनी,
(सही)

पालकाची सही: (आईची सही) अर्ज वाचला. एक शब्दही बदलायला सांगितलेला नाही.

दिनांक: ११ फेब्रुवारी

सोबत:
१) सरकारी दवाखान्याचा रक्ततपासणी अहवाल.
२) भाषेच्या बाईंचे संमतीपत्र.
३) शाळेच्या फाटकावरील फलकाचे छायाचित्र.
४) आजोबांचे स्वहस्ते लिहिलेले निवेदन. मजकूर: मी जिवंत आहे. नात शर्यतीला जाईपर्यंत तरी मरायचा विचार नाही.