पोर्थवेरनच्या सभेत काय झालं

पोर्थवेरन, कॉर्नवॉल
रविवार, १८ सप्टेंबर २०१६

लाडक्या टॅम्सी,

आई नीट पोचली ना? तिला बोट लागते पण ती कबूल करत नाही. प्लिमथ सुटलं की डोळे मिटून बसते आणि फ्रान्सचा किनारा, तुमचं रोस्कॉफ येईपर्यंत ‘मी विचार करतेय’ म्हणून सांगते. तिच्या पिशवीत आल्याची बिस्किटं मी घातली आहेत. ती स्वतःहून काढणार नाही, तू काढून दे.

मी बरा आहे. ऑगस्टमधले पाहुणे गेले, आता आपली गाडी आपल्या दारात लावता येते. बांगडा चांगला मिळतोय. काल धक्क्यावर एका सीगलनं माझ्या हातातली अर्धी खाल्लेली पेस्टी पळवली. मी त्याला जे काही बोललो ते नेमकं चॅपलमधल्या बायकांनी ऐकलं, त्यामुळे आज प्रार्थनेला माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तशी ती हल्ली रिकामीच असते, त्यात पक्ष्याचा दोष नाही.

निघताना आई दारात थांबली आणि म्हणाली, “डेन्झिल, मी तिकडे आहे तोवर तिला पत्र लिही. आणि खरं लिही. हवापाणी लिहायचं असेल तर राहू दे, ते रेडिओवर सांगतात.”

म्हणजे आत्तापर्यंत लिहिलेलं सगळं फुकट गेलं.

जूनमध्ये, युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं त्या मतदानाच्या निकालाच्या सकाळी तू फोन केलास. तू रडत होतीस. म्हणालीस, “बाबा, मत तुमचं, ते कसंही द्या. पण ते पत्रक! बाहेर पडलो तर एकाचंही काम जाणार नाही, असं तुम्ही म्हणालात? गुलवेन, तुमचा जावई, तुमच्याच धक्क्यावरून ट्रक भरतो. आमचं घर त्या ट्रकवर चालतं. हे खोटं आहे हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला परकं केलंत.” मी ‘हं’ म्हणालो. तू फोन ठेवलास. तेव्हापासून तुझा फोन आला की मी तो आईकडे देतो आणि शेडमध्ये जाऊन खेकड्यांचे पिंजरे विणत बसतो. इतके विणलेत की तेवढे खेकडे या समुद्रात नसतील.

आधी त्या पत्रकाचं सांगतो.

युरोपीय संघातून बाहेर पडावं असं मी काही या वर्षी म्हणायला लागलो नाही. तू शाळेत जायला लागली होतीस तेव्हाची गोष्ट. आमच्या जाळ्यात कॉड भरभरून आला, आमच्या कोट्याच्या कितीतरी वर. जास्तीचा मासा किनाऱ्यावर आणायचा नाही, असा संघाचा नियम. चांगला खाण्याजोगा मासा, मेलेला, आम्ही फावड्यानं परत समुद्रात लोटला. तू विचारलंस, “उपाशी माणसांना का नाही दिलात?” “नियम आहे,” एवढंच मी म्हणालो. नियम कुणी केला, तो माणूस कुठं राहतो, हे मला सांगता आलं नाही. अगं, शिव्या घालायच्या म्हटलं तरी माणूस समोर हवा ना? मला एवढंच हवं होतं. जो ठरवेल तो आपल्या हाकेच्या अंतरावर असावा.

या वसंतात बाहेर पडा म्हणणाऱ्यांकडून फेअरक्लफ नावाचे एक साहेब लंडनहून आले. पावसाचा पत्ता नव्हता तरी अंगात नवाकोरा रेनकोट. त्यांना व्यासपीठावर एक मच्छीमार हवा होता. मी बंदर समितीचा अध्यक्ष, आवाजही मोठा. मी आसपासच्या गावांतून बोललो. कॉडची गोष्ट सांगायचो, लोक ऐकायचे. कामधंद्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, कारण त्यातलं मला काही ठाऊक नव्हतं.

मग ते पत्रक घरोघर आलं. बोटीवरच्या पिवळ्या तेलकोटातला माझा फोटो, आणि खाली अवतरणचिन्हांत ते वाक्य, ‘बाहेर पडलो तर एकाचंही काम जाणार नाही’. शिवाय ‘हा माझा शब्द आहे’ असं शेपूट. मी फेअरक्लफला फोन लावला.

“रोझवॉर्न साहेब, तुमच्या बोलण्याचा मथितार्थ तोच होता.”

“मी काय बोललो ते मला माहीत आहे.”

“समोरचे काय कमी फेकतात? मतदान तोंडावर आलंय. सभेत तेवढा विषय काढू नका, झालं.”

सभा चॅपलच्या हॉलमध्ये होती. बसायला जागा नव्हती, खिडक्यांतही माणसं. आमच्या बाजूला फेअरक्लफ आणि मी. पलीकडे, राहा म्हणणाऱ्यांकडून, एक्सेटरहून आलेल्या प्राध्यापक बाई. त्या म्हणाल्या, बाहेर पडलात तर वर्षभरात या धक्क्यावर गवत उगवेल. फेअरक्लफ म्हणाला, सोनं उगवेल. लोक आलटून पालटून टाळ्या वाजवत होते.

मग जेनिफर नान्स उभी राहिली. सुट्टीत तू जिच्या शेडमध्ये खेकडे फोडायला जायचीस तीच. तिच्या हातात पत्रक होतं.

“डेन्झिल, शाळेत तू माझ्या मागच्या बाकावर होतास. माझ्या वेणीला शाई लावलीस, पण मला कधी फसवलं नाहीस. तेवढं डोकंच नव्हतं तुला.” हॉल हसला. ती हसली नाही. तिनं ते वाक्य वाचलं. “माझ्याकडच्या बायका मला विचारतात. आमचा सगळा माल फ्रान्स नाहीतर स्पेनला जातो. ते लांब तंगड्यांचे खेकडे इथं कुत्रंसुद्धा खात नाही. ट्रक आज जातो तसाच जाईल? हा तुझा शब्द आहे का?”

फेअरक्लफनं टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मी उठलो. माझा मोठा आवाज कुठं गेला होता देव जाणे. मी म्हणालो, “नाही. हे मी बोललो नाही, माझ्या नावावर छापलंय. ट्रक तसाच जाईल का, मला माहीत नाही. कागदपत्रं वाढली, ट्रक सीमेवर अडला, तर जिवंत खेकडा मरतो, एवढं मला कळतं. तुझ्याकडची काही कामं जातीलही. या साहेबांना माहीत नाही, गवत उगवेल म्हणणाऱ्या त्या बाईंनाही माहीत नाही. मी बाहेर पडायलाच मत देणार आहे. पण त्याची किंमत मोजावी लागणार नाही असं सांगून तुझं मत मी घेणार नाही, जेनिफर.”

कुणी टाळी वाजवली नाही. मागून गारफील्ड ओरडला, “तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस रे?” तुला पोहायला शिकवणारा आपला गारफील्डकाका.

“तुझ्याच,” मी म्हणालो. “म्हणून तर सांगतोय.”

तो उठून गेला. त्याच्या मागून बरेच गेले.

बाहेर गाडीपाशी फेअरक्लफ मला म्हणाला, “तुम्ही घात केलात.” मी म्हणालो, “माझ्या तोंडी खोटं घालायच्या आधी तोंड कुणाचं आहे ते बघायचं होतंत.” हे मला गाडी निघून गेल्यावर सुचलं, पण आईला मी तोंडावर बोललो असंच सांगितलंय. तिला सांगू नकोस.

दोन दिवसांनी राहा म्हणणाऱ्यांची माणसं दारात. केशराचा केक घेऊन आली होती. त्यांना नवं पत्रक काढायचं होतं, ‘मच्छीमाराचं मन पालटलं’. मी म्हणालो, “मन पालटलेलं नाही.” ते म्हणाले, “पण तुमच्या बोलण्याचा मथितार्थ...” मी दार लावायला लागलो. तेवढ्यात तुझ्या आईनं हात बाहेर काढून केक घेतला आणि मग दार लावलं.

मतदानात आपल्या गावानं बाहेर पडायलाच भरभरून मत दिलं ते तुला ठाऊक आहे. जुलैत समितीची बैठक झाली. मला अध्यक्षपदावरून काढायचा ठराव आला. हात वर झाले, त्यात गारफील्डचाही होता. हात वर आणि नजर टेबलावर. पबमध्ये तो आता पलीकडच्या खिडकीशी बसतो. दोघांनाही एकट्यानं बिअर पिता येत नाही, तरी पितो.

हे सगळं तुला जूनमध्येच कळायला हवं होतं असं आई म्हणते. तिला मीच अडवलं, जेनिफरलाही गुलवेनपाशी बोलू दिलं नाही. कारण तू ऐकलं असतंस आणि म्हणाली असतीस, “म्हणजे बाबा, मनातून तुम्ही आमच्याच बाजूचे!” तू मला जवळ घेतलं असतंस, आणि मी नव्हतो गं त्या बाजूचा. बाजू बदलली नसताना, बदलली समजून मिळालेली माफी घेऊन मी काय करू?

आता उरलेलं लिहितो.

तुला मुलगी झाली हे आईनं मला जिन्यातून ओरडून सांगितलं. मी ‘छान’ म्हणालो आणि शेडमध्ये गेलो. एनोरा. मी ते नाव मोठ्यानं म्हणून पाहिलं. आधी जमत नव्हतं, तुमच्याकडचा तो ‘रा’ घशातून येतो. आता जमतं.

आईनं बोटीची दोन तिकिटं काढली होती. मी म्हणालो, “माझे पिंजरे उचलायचे राहिलेत.” पिंजरे आदल्याच दिवशी उचलून झाले होते आणि तिला ते दिसत होतं, अंगणातच रचून ठेवले होते. भरल्या हॉलमध्ये खरं बोललेला माणूस बायकोशी पिंजऱ्यांवरून खोटं बोलला. तिनं अंगणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एकटी गेली.

मला भीती वाटली, टॅम्सी. तू दार उघडशील, कडेवर बाळ असेल, आणि तू विचारशील, “पस्तावलात का?” आणि मी हो म्हणेन. बाळ हातात घ्यायला मिळत असेल तर माणूस काहीही म्हणतो. एवढं मोठं खोटं तर मी फेअरक्लफलासुद्धा दिलं नसतं.

म्हणून इथूनच, बाळ समोर नसताना सांगतो. पस्तावलो नाही. उद्या पुन्हा मत मागितलं तर तेच देईन. गुलवेनचा ट्रक अडला तर मला घास गिळवणार नाही, आणि तरीही तेच देईन. या दोन गोष्टी एका माणसात कशा राहतात ते मला विचारू नकोस. दाटीवाटीनं राहतात. मत देताना तू पलीकडच्या किनाऱ्यावर आहेस हे माझ्या ध्यानात नव्हतं असंही म्हणणार नाही. होतं. पेन्सिल हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो, आणि मग फुली मारली. हे वाचून पत्र फाडावंसं वाटलं तर फाड.

तुझा नवरा फार भला माणूस आहे. दर गुरुवारी येतो, माझ्याशी हात मिळवतो, राजकारणाचा शब्द नाही. या गुरुवारी त्यानं फोनवर बाळाचा फोटो उघडून फोन माझ्या हातात दिला आणि तो माल भरायला निघून गेला. ट्रक पूर्ण भरेपर्यंत त्यानं फोन परत मागितला नाही. तिची हनुवटी तुझ्या आईची आहे. कपाळावरची आठी कुणाची ते मी सांगत नाही.

मला यायचं आहे. ये म्हणालीस तर पुढच्या बोटीनं येईन, आणि तू जेवताना मला जे बोलायचं ते बोल, मी ‘हं’ म्हणून सुटणार नाही. नको म्हणालीस तर तसं सरळ लिही, आईच्या तोंडून गोड करून पाठवू नकोस. पुढं सगळं नीट होईल असं मी तुला लिहिणार नाही. मला माहीत नाही.

बाळाच्या पावलांना हात लावून बघ, गार असतील तर मोजे घाल. तू लहानपणी लाथा मारून काढायचीस.

तुझ्याविरुद्ध मत दिलेला,
तुझाच
बाबा