लाल तार चासीला

यार्डली, बर्मिंगहॅम
२५ मे २०११

नायजेल,

तू बरा असशील. इकडे सगळं ठीक आहे. पत्र असं सुरू करावं असं आई सांगायची, म्हणून लिहिलं. मला तुझी काळजी लागून राहिलीय असा अर्थ त्यातून काढू नकोस. फोन करत नाही, कारण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू फोन ठेवतोस. पत्र चुरगाळून फेकलंस तरी पुन्हा उचलून वाचशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

आपला फुटबॉल संघ, ब्लूज, रविवारी खालच्या विभागात गेला. बाबांनी रेडिओ बंद केला आणि अंगणात जाऊन कांद्याच्या वाफ्यातलं गवत उपटत बसले. गुडघा दुखतोय म्हणून मीच त्यांना हाताला धरून उठवलं. वाटाण्याच्या वेली चांगल्या चढल्यात. झाली बातमी.

आता गाडीचं. ईस्टरच्या शनिवारी मी दुकानात कामावर होते तेव्हा तू ब्रिस्टलहून आलास, आणि बाबांच्या बीएसए मोटरसायकलचे ठिणगी पाडणारे पॉइंट उपटून तिथे ते इलेक्ट्रॉनिक प्रकरण बसवलंस. मी घरी पोचले तेव्हा तू हात पुसत होतास. किक मारलीस, काही झालं नाही. पुन्हा मारलीस, तरी नाही. "बॅटरी गेलीय, नवी घ्या," असं ऐटीत सांगून तू तुझ्या कारमध्ये बसलास आणि निघून गेलास. मला काय विचारलंस? "कशी आहेस लोरेन?" तेही दार लावून घेता घेता.

बॅटरी गेली नव्हती रे शहाण्या. मी सीट काढली, टाकी काढली, तर आतून कुजक्या मासळीसारखा वास आला. तुझ्या त्या प्रकरणाची काळी डबी जळून गेली होती. या गाडीत बॅटरीचं प्लस चासीला, म्हणजे सांगाड्याला, जातं. आपल्या बापाने स्मॉल हीथच्या कारखान्यात एकवीस वर्षं अशाच गाड्या जोडल्या. चासी म्हणजे प्लस, हे आपण दोघं शाळेत जायच्या आधी शिकलो. आणि तू लाल तार जोडलीस स्विचकडून येणाऱ्या तारेला, आणि दुसरी चासीला, तुझ्या त्या जपानी गाड्यांना जोडतात तशी. तीस वर्षं तिकडच्या गाड्या उघडून बसवून घरचं सगळं विसरलास. हात आपोआप चालले असतील तुझे. इकडे आल्यावर तुझं डोकं कधी चाललंय म्हणा.

एक गोष्ट खरी आहे म्हणून लिहिते. ठिणगीची वेळ धरणारी प्लेट तू बरोबर बसवली होतीस. इंजिन खुणेवर आणलं तेव्हा चुंबकाच्या चकतीवरचा पांढरा ठिपका छिद्रात मधोमध दिसला. तेवढं काम चोख होतं. बाकी सगळं मी पुन्हा केलं.

खरं तर मी पुन्हा पॉइंटच बसवणार होते. तू कचऱ्यात टाकलेले मी बाहेर काढून धुऊन ठेवले होते. तुला आठवत असेल किंवा नसेल, बाबांनी सिगारेट सोडली तरी सिगारेटचे पातळ कागद घरात असायचे. पॉइंटच्या फटीत तो कागद धरायचा, बाबा टॉप गियरमध्ये मागचं चाक हळूहळू फिरवायचे, आणि कागद हातातून अलगद सुटला की तोच ठिणगीचा क्षण. त्यांची नजर अधू झाल्यापासून कागद मी धरते. "सुटला?" ते विचारतात. "सुटला," मी म्हणते. मग चहा होतो. आमच्या दोघांत एवढंच बोलणं असतं रविवारचं, आणि मला ते पुरत होतं. ते तू एका दुपारी काढून टाकलंस, म्हणून मला तुझा राग आहे. डबी जळल्याचा राग त्यापुढे काहीच नाही.

पण बाबा म्हणाले, "पॉइंट नकोत. नायजेलने बसवलंय ना, तेच चालू कर." मग मी तसलीच दुसरी डबी मागवली आणि शनिवारी कामाला बसले. बाबा त्यांच्या दुधाच्या क्रेटवर, हातात चहा. बोल्टखालचा रंग खरवडला, लाल तार चासीला घट्ट बसवली, आणि बसवता बसवता माझ्या मनात आलं ते विचारलं.

"बाबा, तो जोडत होता तेव्हा तुम्ही इथेच होतात?"

"इथेच की."

"मग लाल तार कुठे जातेय ते दिसलं नाही?"

"डोळे गेलेत माझे."

"लाल रंग दिसतो तुम्हाला. परवा माझ्या स्वेटरला नावं ठेवलीत."

ते चहा पीत राहिले. मग म्हणाले, "दिसलं."

"आणि बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर पाना आपटून गेला असता गं. दोन तास बसला होता माझ्याजवळ. सँडविच खाल्लं. आईचं नाव काढलं. जन्मभर त्या पोराला चुकतोस चुकतोस म्हणत आलो. म्हटलं, एक दिवस नको."

"डबी जळणार हे ठाऊक असून?"

"डबी काय, दुसरी मिळते."

आणि मग, मी न विचारताच, आणखी एक सांगितलं. तुला बोलावलं त्यांनीच. बोटांना आता काही कळत नाही, पॉइंटची फट जमत नाही, म्हणून. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत? मी बसवलं असतं." तर म्हणाले, "तुझ्या हातातला कागद काढून घे, असं तुलाच कसं सांगू पोरी?" आणि लगेच पुढे, "तो बोल्ट जरा जास्त आवळलास. अर्धा फेरा मागे घे."

वाचलंस? तुझी चूक त्यांनी गिळली आणि माझा अर्धा फेरा त्यांना सोसवला नाही. आईच्या आजारपणापासून या घरात मी राहिलेय. मला अजून बोलणी बसतात, कारण मी पाना आपटून जाणार नाही हे त्यांना माहीत आहे. तुझ्याशी ते गप्प बसतात. मला वाईट वाटलं, नायजेल. अजून वाटतंय. तुझा हेवा वाटला, आणि त्याची लाजही वाटत नाही.

बोल्ट मी अर्धा फेरा मागे घेतला. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. इतकी सलग, एकसारखी चालताना मी ती कधी ऐकली नव्हती. बाबा रडले नाहीत, पण नाक बराच वेळ पुसत होते.

जूनच्या दुसऱ्या रविवारी बाबांच्या मोटरसायकल क्लबची ब्रिजनॉर्थपर्यंत फेरी आहे. बाबांनी सगळ्यांना सांगून टाकलंय, "माझा पोरगा चालवणार, मी मागे बसणार." अठराव्या वर्षापासून ही गाडी मी चालवतेय, पण ते असू दे. पुढच्या वर्षी त्यांना पाय उचलून मागेही बसता येणार नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलंय, त्यांना नाही, मला. तेव्हा तू यायचंस. सोयीचं आहे का, असं मी विचारत नाहीये.

तुला काय लिहायचं तेही बाबांनी सांगितलं होतं. "लिही की फ्यूज उडाला होता, बाकी काम झकास." मी हो म्हटलं आणि हे लिहायला बसले. खोटं त्यांनी बोलावं, त्यांचा तो हक्क आहे. तुझ्यासाठी मी बोलणार नाही.

तू आलास की ते तुला गाडीपाशी नेतील, सीटवर थाप मारतील आणि म्हणतील, "बघ, तुझं काम कसं चालतंय." तेव्हा तुला सगळं ठाऊक असेल. माझ्याकडे बघू नकोस, खुलासा करू नकोस, माफी मागू नकोस. त्यांनी क्रेटवर बसून जे केलं तेच तू कर. तोंड बंद ठेव आणि किक मार.

तुझी बहीण, इलाज नाही म्हणून,
लोरेन