विहिरीतली तांबडी माती

४ एप्रिल १८८७, कल्याण

परसात नवी विहीर खणताहेत. आज सुरुंग फुटला — फडताळातले दोन पेले खाली! काळुराम पाथरवटाने एक फुटका दगड आणून दिला. बाहेरून काळा कुळकुळीत, आत पोकळी, आणि पोकळीत खडीसाखरेसारखे पांढरे स्फटिक. बंद दगडाच्या पोटात हे कुणी ठेवलं?

दादाला विचारलं. तो शाळेत भूगोल शिकवतो. विधवा बहीण पुस्तकं वाचते याची त्याला लाज नाही. म्हणाला, "पृथ्वी आधी वितळलेला गोळा होती. दुधावर साय धरते तशी वरून निवाली. आतला रस भेगांतून वर आला, थिजला — तोच आपला काळा दगड. बुडबुडे राहिले त्या पोकळ्या. त्यांत पाणी झिरपून स्फटिक धरले."

म्हणजे आम्ही सायीवर चुली मांडल्या आहेत!

६ एप्रिल

भाकरी करपली. वहिनी — "वन्सं, लक्ष कुठे आहे तुमचं?" लक्ष वज्रेश्वरीच्या कुंडात होतं. ते पाणी आतल्या आचेनेच तापत असेल का?

९ एप्रिल

काळुराम सांगत आला, "बाय, काळ्या दगडाखाली हातभर तांबडी माती लागली. तिच्याखाली परत काळाच!" मूठभर घेऊन आला. विटेसारखी भाजलेली. दादाच्या पुस्तकात असलं काही नाही.

दिवसभर तेच डोक्यात. माती होते कशी? ऊनपावसाने दगड झिजतो, कुजतो, तेव्हा. म्हणजे पहिला रस थिजला, त्यावर किती पावसाळे गेले, माती झाली — गवतही उगवलं असेल! मग दुसरा रस आला, तिला भाजलं आणि झाकून टाकलं.

दादाला सांगितलं. त्याने हातातलं पुस्तक मिटलं. "हे तुला कुणी सांगितलं?"

कुणीच नाही!

डोळ्यांनी पाहायला हवं. काळुराम म्हणतो, दोन-चार दिवसांत पाणी लागेल.

११ एप्रिल

उतरले! गडी जेवायला गेले होते. आलवणाचा पदर खोचला, त्यांच्या शिडीने खाली. वर काळा दगड, खाली तांबडी माती, मधे सुतासारखी रेघ. रेघेवर बोट ठेवलं. इथे आग मातीला टेकली. किती वेळ उभी होते कोण जाणे.

वहिनींनी स्वयंपाकघरातून मला काठाआड जाताना पाहिलं. "धावा हो! वन्सं विहिरीत!" आळी गोळा झाली. दादा शाळेतून अनवाणी धावत आला. वर आले तेव्हा कुणी हसलं, कुणी कुजबुजलं. "कोरड्या विहिरीत कोण जीव देतं?" दादाचा चेहरा पांढराफटक. "पुन्हा तिकडे फिरकायचं नाही." वहिनी घरात निघून गेल्या. एवढा गवगवा त्यांच्यामुळे! फार राग आला.

१२ एप्रिल

वहिनींशी बोलले नाही. त्याही नाहीत.

१४ एप्रिल

पाणी लागलं. तांबडी माती आता दिसणार नाही.

दुपारी वहिनी जवळ येऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, "गेल्या आषाढात तुम्ही खाडीवर कशाला गेला होतात, मला ठाऊक आहे. मागोमाग आले होते मी. म्हणून त्या दिवशी ओरडले."

मला वाटत होतं, कुणालाच ठाऊक नाही.