व्याह्यांसमोर काठी हातातच राहावी म्हणून

मिठबाव, बुधवार

तीर्थरूप दाजींना सत्यवानाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मुद्दाम लिहिलं आहे, सध्या आडवं राहणंच मला सुरक्षित वाटतं.) ताईचा खोकला थांबला का? तुमचा गुडघा आता वाकतो का?

रियासाठी तुम्ही विनीतसारखं स्थळ आणलंत, याचे उपकार जन्मभर फिटणार नाहीत. पण पुण्याच्या व्याह्यांना "आमचा सत्यवान रोज गोल्फ खेळतो" हे सांगायची काय गरज होती? मी रोज खाडीत पाग मारतो. (जाळं फेकणं आणि चेंडू मारणं यात मुंबईत बसून फरक दिसत नसावा.) आता रविवारी ते माझ्याबरोबर खेळायला येतायत आणि साखरपुड्याची तारीखही तिथेच ठरवू म्हणालेत. तेव्हापासून मला जेवण जात नाही. बांगड्याचं तिखलं पुढ्यात असून जात नाही, यावरून काय ते समजा.

रस्त्यापलीकडच्या हॉटेलवाल्यांनी गोल्फ शिकायचं मैदान केलंय. तिथे आचऱ्याचा ओंकार शिकवतो. पहिल्या दिवशी मी कंबर एवढी फिरवली की रिक्षात मला दोघांनी उचलून ठेवलं. ओंकार म्हणाला, "काका, कमरेक विसरा. हात खिशाजवळसून खाली हाडा, कंबर आपसूक फिरतली. हात भायर फेकलात तर आंग उठतला." आणि खरंच तसं आहे, दाजी. काठी वरून खाली येताना हात जिकडे जातात तिकडे सगळं शरीर निमूट जातं, बाजारात आमच्या सौ. सुगंधाच्या मागे मी जातो तसं. हात अंगालगत आले की कंबर बाजूला होऊन त्यांना वाट देते, आणि हात चेंडूकडे झेपावले की मी टाचा वर करून उभा. हे डोक्याला कळलं, पण हातांना चाळीस वर्षांची सवय. पाग मारताना हात बाहेर जातात, अंग त्यांच्यामागून फिरतं आणि शेवटी जाळं हातातून सोडायचं असतं. मी काठीही सोडली.

काठी गरगरत कुंपणापलीकडे, गोदूबाईच्या वाळत घातलेल्या मासळीत पडली, म्हातारीपासून दोन हातांवर. ती शांतपणे काठी घेऊन आली. "सत्यवाना, पाण्यात मार रे. हंय मासो खंय आसा?" त्यानंतर सहा वेळा काठी सुटली. डोळे मिटले की मला व्याह्यांचं टक्कल दिसतं. दाजी, मला खरंच भीती वाटते. रियाने आजवर माझ्याकडे हट्टाने काही मागितलं नाही. मागितलं ते हे एक लग्न. तेच माझ्या हातून मोडलं तर तिला तोंड कसं दाखवू? सुगंधा म्हणते, "खरा काय ता सांगून टाका." पण मग तुम्ही खोटे पडता, आणि ताई मला भाऊबीजेला दारात उभं करणार नाही.

आपला,
सत्यवान

ता. क. पागाची दोरी मनगटाला बांधलेली असते, म्हणून तो सोडायची भीती नसते. तिकडे बारीक, मजबूत, पांढरी दोरी मिळेल ती शनिवारपर्यंत पाठवा. काठी मनगटाला बांधीन, पांढऱ्या हातमोज्यावर दिसणार नाही. खरं तर पत्र त्यासाठीच लिहिलं.

पुन्हा ता. क. रियाने पत्र वाचलं आणि हसत सुटली. विनीतने तिला सांगितलंय की त्याच्या बाबांनी जन्मात काठी धरली नव्हती. तुम्ही माझं कौतुक केलंत तेव्हा त्यांच्याही तोंडून "मीही खेळतो" निघून गेलं, आणि आता ते रोज सकाळी चोरून शिकतायत. त्यांची काठी दोनदा शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेली. तेव्हा दोरी पाठवू नका. तुम्ही स्वतः या. आम्हा दोघांसमोर ओणवं होऊन चेंडू मांडायला कुणीतरी जवळचं माणूस हवंय. गुडघा वाकत नसेल तर तेल लावून वाकवा.